दाढ दुखणारा प्रेक्षक

घाईचं खरं नाव कॉलेजच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला न जुमानता ती जन्माला आली तेव्हा तिचा बाप अजून बाहेर गाडी लावायला जागा शोधत होता, आणि हे नाव तिला तिथल्या तिथे चिकटलं. तिनेही ते इमानेइतबारे जपलं. चहाला उकळी फुटायच्या आत ती गाळणं घेऊन उभी राहायची, समोरचा वाक्याच्या मध्यावर असताना उत्तर देऊन मोकळी व्हायची, आणि गोष्टीचं पुस्तक हाती आलं की आधी शेवटचं पान वाचायची. अशा मुलीने आयुष्यात काय वाटेल ते करावं, पण भयपटाच्या वाटेला जाऊ नये. घाई नेमकी त्याच वाटेला गेली होती.

ती सिनेमाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि शिक्षणासाठी मावशीकडे राहत होती. वर्गाकडे धड चालणारा कॅमेरा एकच. त्यामुळे सरांनी नियम घालून दिला होता: प्रत्येक जोडीने आपल्या सिनेमाच्या ट्रेलरचा आराखडा वर्गापुढे मांडायचा, त्यातला एक सर निवडणार, कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली त्या जोडीला मिळणार आणि बाकी सगळ्यांनी त्यांच्या हाताखाली राबायचं. घाईला ती किल्ली इतकी हवी होती की तिला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यात वर्गातला देखणा, म्हणजे स्वतःच्या सिनेमात स्वतःच हिरो असलेला मुलगा, तिला एकदा जिन्यात म्हणाला होता, "हरलीस तर माझ्याकडेच ये. माझ्या गालावर ऊन पाडायला चंदेरी पत्रा धरणारं कोणीतरी लागेलच." तेव्हापासून घाईला स्वप्नातसुद्धा तो पत्रा दिसत होता.

तिच्या सिनेमाचं नाव होतं 'कपाटातली बाई'. एक मुलगी भाड्याने खोली घेते, खोलीत एक कुलूपबंद कपाट असतं आणि आतून कोणीतरी केस विंचरत असल्याचा आवाज येत राहतो. गोष्ट वाईट नव्हती. पण घाईने ट्रेलरचा जो पहिला आराखडा केला त्यात तिने सगळंच कोंबलं: फणी, किंकाळी, रक्त, कपाट उघडणं, आतल्या बाईचा चेहरा आणि वर ती बाई म्हणजे घरमालकीणच आहे हे गुपितसुद्धा.

सरांनी तो शांतपणे वाचला. "छान," ते म्हणाले. "हा ट्रेलर पाहिला की सिनेमा पाहायची गरजच नाही. लोकांचा वेळ वाचेल. आणि हा आहे कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी, सर."

"सगळ्यांसाठी रस्त्यावरचा नळ असतो. जा, लोकांना विचारा. कोणाला काय पाहायचंय, कोणाला काय नको, ते घेऊन शुक्रवारी या."

घाईचा जोडीदार होता लांबोडा. कॅमेरा चालवणारा, आराखड्याची चित्रं काढणारा आणि तोंडाला कुलूप लावून फिरणारा. घाई त्याला घेऊन लगेच रस्त्यावर उतरली. पण हातात कागद घेतलेली मुलगी दिसली की लोक कसे नाहीसे होतात ते तिला पहिल्यांदाच कळलं. एका गृहस्थांनी तिला पाहताच बंद मोबाइल कानाला लावला आणि हसत हसत कोणाशी तरी बोलू लागले. एक बाई तर आल्या पावली माघारी फिरून चुकीच्या दुकानात शिरल्या. कॉलेजच्या कँटीनमध्ये विचारावं, तर तिथे बसलेला प्रत्येक जण स्वतःच त्या किल्लीवर टपलेला.

"लोकांनी एका जागी बसलेलं असायला हवं," घाई म्हणाली. "आणि त्यांना उठून जाता येता कामा नये."

"तुरुंग?" लांबोड्याने विचारलं.

"मावशीचा दवाखाना."

मावशी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दवाखाना लहान. डॉक्टर एक आणि बाकी सगळं मावशी. तीच आत हत्यारं उकळायची, तीच पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची आणि तीच दार उघडून पुढच्याला बोलवायची. बाहेरची खोली मात्र नेहमी भरलेली. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात माशांची काचेची पेटी, सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. मावशी म्हणाली, "विचार बापडी. त्यांचंही मन रमेल."

आणि काय सांगावं, लोक खरोखरच बोलले. इतके मनापासून बोलले की घाईचा हात लिहून लिहून दुखायला लागला. लांबोडा समोरच्या खुर्चीत बसून नेहमीच्या सवयीने त्यांचे चेहरे काढत होता.

गणिताच्या एक निवृत्त बाई होत्या, गाल टम्म सुजलेला. त्या म्हणाल्या, "सिनेमाचा शेवट आधी सांगून टाकावा. माणसाला उगाच टांगून ठेवू नये."

बस चालवणारे एक काका म्हणाले, "एकूण किती वेळ लागणार ते सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे. आणि मध्ये सहन झालं नाही तर हात वर केला की थांबवायला हवं."

"सिनेमा थांबवायचा?"

"हो. लगेच."

एका काकूंना कर्कश आवाज नको होता. त्यांच्या नवऱ्याला टोकदार वस्तू नको होती. इंजेक्शन घेऊन बसलेल्या एका गृहस्थांचा अर्धा ओठ बधिर झाला होता, त्यांचं उत्तर कोणालाच समजलं नाही, पण त्यांना काहीच नको आहे एवढं त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून कळलं. शेवटी घाईने सगळ्यांना मिळून विचारलं, "भीतीचा सिनेमा असेल तर?" तशी खुर्च्यांची ती अख्खी रांग एकदमच माना हलवायला लागली. नको, नको, नको.

घाईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येईपर्यंत तिचा निष्कर्ष तयार होता: या गावात भयपटाला कुत्रंही विचारणार नाही. लांबोडा म्हणाला, "पण एक गोष्ट..." आणि ती म्हणाली, "माहितेय, सगळं बदलावं लागणार." लांबोड्याने तोंड मिटलं. बोलायला सुरुवात करणं हे त्याच्यासाठी आधीच कष्टाचं काम होतं, ते पुन्हा पुन्हा कोण करणार?

मग त्या दोघांनी खपून नवा आराखडा केला. सुरुवातीला एक हसतमुख आजी पडद्यावर येऊन सांगते, की या सिनेमात कोणालाही कसलीही इजा होत नाही. त्यानंतर सिनेमा किती वेळाचा आहे ते मोठ्या अक्षरांत. मग कपाटातली बाई स्वतःच दार उघडते, फणी देऊन टाकते आणि दोघी मिळून चहा पितात. मागे बासरी. सगळ्यात शेवटी 'काळजी नसावी' असे शब्द.

लांबोड्याने चित्रं पूर्ण केली आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसला. "यात भूत कुठंय?"

"आहे ना. चहा पितंय."

स्वतःच्या या उत्तराने घाईला गलबलून आलं. तिला ती कपाटातली बाई मनापासून आवडत होती. तिला असं माणसात आणून बसवणं म्हणजे आवडत्या मांजरीची नखं काढण्यासारखं होतं. पण लोकांनाच नको असेल तर काय करायचं? कागदावर त्यांची उत्तरं होती, आणि सरांनी उत्तरंच आणायला सांगितली होती.

गुरुवारी संध्याकाळी दोघं सिनेमागृहावरून जात होती. बाहेर एका भुताच्या सिनेमाचं पोस्टर होतं आणि तिकिटाची रांग पार कोपऱ्यावर वळली होती. घाई त्या रांगेकडे चिडून बघत राहिली. हे सगळे लोक आले कुठून? आणि तेवढ्यात तिला रांगेत गणिताच्या बाई दिसल्या. गाल जागेवर आलेला, हातात पॉपकॉर्नचा भलामोठा पुडा, आणि दोन्ही बाजूंच्या दातांनी मन लावून चावणं चाललेलं.

घाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाई, तुम्ही तर म्हणाला होतात, भीतीचं अजिबात नको."

"मी? कधी?"

"दवाखान्यात. मी सगळं लिहून घेतलंय."

"अगं, दवाखान्यात माझी दाढ ठणकत होती," बाई म्हणाल्या. "त्या खुर्चीवर बसून भुतं कोण मागेल? आता दाढ गेली, मी मोकळी. याच्या आधीच्या भागाला मी इतकी किंचाळले होते की शेजारच्या माणसाने जागा बदलली." मग त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. इतकी वर्षं शिकवलेलं असं सहजासहजी सुटत नाही. "परीक्षेला बसलेल्या पोरांना तू विचारलंस की गणित आवडतं का, तर उत्तर काय येईल? आणि त्यावरून तू गणित बंद करणार?"

रांग पुढे सरकली आणि बाई आत गेल्या. घाई फुटपाथवर तशीच उभी राहिली. उत्तरं खरी होती, माणसं खरी होती, फक्त ती माणसं कोणत्या खोलीत बसली होती एवढंच तिने पाहिलं नव्हतं.

लांबोड्याने पिशवीतून दवाखान्यातली चित्रं काढून तिच्यापुढे धरली. गणिताच्या बाई, बसवाले काका, काकू, काकूंचे यजमान. झाडून सगळ्यांचा एक हात गालावर होता.

"तू बोलला का नाहीस?"

"बोलायला लागलो होतो. तू मध्येच उत्तर दिलंस."

घाईने ती चित्रं एकेक करून, चक्क पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. लांबोडा घरी गेला. घाई घराची किल्ली घ्यायला दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिचं अवसान पुरतं गळालं होतं. उद्या सकाळी आराखडा मांडायचा आणि हातात काय, तर चहा पिणारं भूत. तिला तो चंदेरी पत्रा आणि त्याच्यापलीकडचा देखण्याचा गाल आत्ताच स्पष्ट दिसत होता.

एरवी ती दारातूनच किल्ली मागायची आणि पळायची. आज आतलं दार बंद होतं आणि मावशी आत अडकली होती. मोबाइलनेही मान टाकलेली. घाई नाइलाजाने खुर्चीत बसली. दोन वर्षांत ती त्या खुर्चीवर पहिल्यांदा अशी नुसती बसत होती, हातात कागद नाही, पेन नाही, कोणाला काही विचारायचं नाही.

आतून बारीक घरघर ऐकू येत होती. मध्येच ती उंच चढायची. मग एकदम थांबायची, आणि थांबली की खोलीतले सगळे श्वास धरून बसायचे. मासे बिचारे इकडून तिकडे फिरत होते, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे दाराच्या मुठीवर. दाराआड काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून जो तो आपापल्या मनाने काहीबाही बघत होता, आणि ते नक्कीच आतल्यापेक्षा भयंकर असणार. घरघर पुन्हा थांबली. काहीतरी धातूचं ताटलीत पडलं. मग बराच वेळ काहीच नाही.

दार वीतभर उघडलं. फटीत तोंडाला मास्क, हातात मोजे, नुसते दोन डोळे.

"पुढचे," मावशी म्हणाली.

 घाईची बत्तीशी शाबूत होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि ती डोळ्यांची जोडी रोज तिला आग्रह करकरून वाढणाऱ्या बाईची होती. तरी तिने नकळत पाय खुर्चीखाली ओढून घेतले. शेजारचा माणूस जीव मुठीत धरून उठला आणि आत गेला. दार लागलं.

त्याच्या आधी आत गेलेला माणूस बाहेर आला होता, गालात कापूस कोंबलेला. आता याने घर गाठावं की नाही? पण तो जाईना. खोलीच्या मधोमध उभा राहून, अर्ध्या तोंडाने का होईना, दाढेची मुळं केवढी होती, डॉक्टरांनी कसा पाय रोवला, कट्कन आवाज कसा झाला हे तो दोन्ही हातांनी दाखवत होता. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. बाकीच्यांचे चेहरे पांढरे पडत होते, पण सगळे मान पुढे काढून ऐकत होते. घाई त्याच्याकडे पाहत राहिली आणि एकाएकी तिला इतका आनंद झाला की ती त्या अनोळखी माणसाला मिठीच मारणार होती. ती ज्याला शोधत गावभर हिंडली होती तो हाच.

घरी जाताना ती म्हणाली, "मावशी, तू माणसांना काय घाबरवतेस गं."

मावशीला रागच आला. "मी? अगं, मी फक्त पुढचे म्हणते. तेही गोड आवाजात."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते इतकं भयंकर होतं. घरात झुरळ दिसलं की ही बाई खुर्चीवर चढायची. दिवसभर ती काय करते, कसल्या घाबरलेल्या माणसांना हात धरून आत नेते, हे घाईने तिला कधी विचारलंच नव्हतं. तिला आपली लाज वाटली आणि मावशीबद्दल फार माया दाटून आली. तिने मावशीच्या हातातली पिशवी घेतली.

"उद्या सकाळी माझ्या वर्गात येऊन एकदाच तसं म्हणशील?"

"इश्श. तिथे माझं काय काम?" मावशी म्हणाली. दोघी घरापाशी आल्या. कुलूप उघडता उघडता तिने विचारलं, "मास्क घालून ना?"

शुक्रवारी वर्गात शेवटच्या दोन जोड्या उरल्या, घाईची आणि देखण्याची. घाई पुढे गेली. तिने आधी कुठे विचारलं, कोणाला विचारलं आणि चूक कशी झाली ते सगळं सांगून टाकलं. हात वर केला की थांबणाऱ्या सिनेमाला वर्ग पोट धरून हसला. चहा पिणाऱ्या भुताला तर देखणा बाक बडवून हसला.

"आणि तुमचा ट्रेलर?" सरांनी विचारलं.

"सांगत नाही, सर. दाखवते. जरा थांबावं लागेल."

घाई थांबा म्हणतेय हेच मुळात वर्गाला पटेना. लांबोड्याने दिवा घालवला, पडदे ओढले आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दारापलीकडून एक आवाज यायला लागला. फणीचा. लांब, दाट केसांतून सावकाश वरून खाली जाणारी फणी, आणि मध्येच गुंता लागून अडकणारी. एकदोघं हसले. आवाज चालूच राहिला. हसणं विरलं. फणी पुन्हा एकदा अडकली, आणि आवाज थांबला.

काहीच झालं नाही. घाई फळ्यापाशी उभी होती. तिचे पाय शिवशिवत होते, समजावून सांगायचा मोह घशाशी आला होता. आयुष्यात प्रथमच तिने तो गिळला. सगळा वर्ग दाराच्या मुठीकडे बघत होता. अजूनही काही झालं नाही. कोणाची तरी खुर्ची करकरली आणि चारी बाजूंनी 'श्श' असा दटावणीचा आवाज आला.

दार वीतभर उघडलं. मास्क, मोजे, दोन डोळे.

"पुढचे," मावशी गोड आवाजात म्हणाली.

पहिल्या बाकावरून जी किंकाळी उठली ती कोणाची, यावर नंतर बराच वाद झाला. देखण्याचे दोन्ही पाय बाकावर होते एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. लांबोड्याने आत येऊन दिवा लावला. सरांचा हात गालावर होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"एवढंच आहे, सर," घाई म्हणाली. "एक खोली, दाराकडे बघणारी माणसं, आतला आवाज, फट आणि हा एक शब्द. कपाटातली बाई दाखवायची नाही. आणि हा सिनेमा ज्यांची दाढ दुखतेय त्यांच्यासाठी नाही. ज्यांची नुकतीच काढून झालीय त्यांच्यासाठी आहे. घाबरून झालं की माणूस घरी जात नाही, सर. दुसऱ्याला सांगत बसतो."

 वर्गात एव्हाना एकच गलका उसळला होता. कोण किती दचकलं, कोणी कोणाचा दंड धरला, जो तो हातवारे करकरून शेजाऱ्याला सांगत होता, आणि दारात मास्क हनुवटीवर ओढून मावशी सगळ्यांची माफी मागत होती. सरांनी तो गलका मनसोक्त ऐकून घेतला. मग खिशातून कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावरून घाईच्या बाजूला सरकवली.

"एक जोडी राहिली आहे," ते म्हणाले, "तिचंही ऐकायला हवं." त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि नेहमीच्या सवयीने पुकारलं, "पुढचे."

देखणा जागचा हलला नाही.